१४ गुंठे आले कुठून?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार इथं घेतली आहेत. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे. त्यामागे एका घरातला अबोला आहे, आणि तो गणितानं मिटू शकतो असं मला मनापासून वाटतं.

बाई, आम्ही जिंतूर तालुक्यातले. चुलते त्यांच्या वाट्याचं शेत आम्हालाच विकणार आहेत. गावातल्या एका जाणत्या माणसानं दोरी धरून चारी बाजू मोजल्या. वरचा धुरा, म्हणजे बांध, १६५ फूट, वाटेची बाजू ३९६, खालचा धुरा ४६२ आणि ओढ्याची बाजू ४९५ फूट. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केला, तर ३ एकर ८ गुंठे भरलं. सातबाऱ्यावर १ हेक्टर १५ आर आहे, म्हणजे २ एकर ३४ गुंठे. चुलते म्हणतात, दोरीप्रमाणं पैसे द्या. वडील म्हणतात, जास्तीचं शेजाऱ्याचं असणार, उद्या तो भांडायला येईल. खरं काय समजायचं? सोबत आकृती पाठवली आहे.

तुमच्या माणसानं दोरी बरोबर धरली आणि गुणाकारही बरोबर केला. चूक आहे ती रीतीत. ही रीत मराठवाड्यात गावोगाव चालते. माझे वडीलही हीच वापरायचे.

आधी त्यांचा हिशोब बघू. १६५ आणि ४६२ यांची सरासरी ३१३.५. ३९६ आणि ४९५ यांची ४४५.५. गुणाकार १,३९,६६४ चौरस फूट. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. भागलं की १२८ गुंठ्यांहून थोडं जास्त येतं, म्हणजे ३ एकर ८ गुंठे. इथवर सगळं जुळतं.

आता ज्वारीची चार धाटं घ्या, टोकाशी सुतळीनं सैल बांधा आणि चौकट करा. मग एक कोपरा हातानं दाबून ती तिरकी करा. धाटांची लांबी तीच राहिली, पण आतली जागा घटत गेली. आणखी दाबा, समोरासमोरची धाटं एकमेकांना चिकटतील आणि आत काहीच उरणार नाही. सरासरीच्या रीतीला मात्र याचा पत्ताच लागत नाही. चारी कोपरे काटकोनात आहेत असं ती मनात धरून चालते. म्हणून आयत सोडून कोणत्याही चौकोनाला ती खऱ्यापेक्षा जास्तच क्षेत्र दाखवते, कमी कधीच नाही. विकणाऱ्याच्या बाजूनं झुकलेला तराजूच म्हणा. यात तुमच्या चुलत्यांचा काही दोष नाही.

तुमच्या आकृतीत वाट दोन्ही धुऱ्यांना काटकोनात आहे आणि ओढा तिरका गेला आहे. मग ओढ्याची ४९५ फूट ही शेताची लांबी नव्हेच. ती तिरकी रेघ आहे, हिशोबात धरायचीच नाही. दोन धुऱ्यांची सरासरी ३१३.५, गुणिले वाटेचे ३९६. आले १,२४,१४६ चौरस फूट, भागिले १,०८९, बरोबर ११४ गुंठे. २ एकर ३४ गुंठे. सातबारा खरं बोलतो आहे. शेजाऱ्याचं एक पाऊलही तुमच्यात आलेलं नाही. वरचे १४ गुंठे त्या तिरक्या रेघेनं दाखवले होते.

आकृतीवर भरवसा नसेल तर आणखी एक माप घ्या. वरचा धुरा आणि ओढा मिळतात त्या कोपऱ्यापासून खालचा धुरा आणि वाट मिळतात त्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा. हा शेताचा कर्ण. मी सांगते, तो ४२९ फूट भरला पाहिजे. भरला तर वाद संपला. नाही भरला तर शेताचे दोन त्रिकोण झाले असं समजा आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ नववीत शिकलेल्या हेरॉनच्या सूत्रानं काढा: तिन्ही बाजूंच्या बेरजेचं निम्मं करा, त्यातून एकेक बाजू वजा करा, या चारही संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. ४२९ धरून मी करून पाहिलं. एक त्रिकोण ३० गुंठे, दुसरा ८४.

हा प्रश्न फार जुना आहे. ब्रह्मगुप्त या गणितज्ञानं इ.स. ६२८ मध्ये सरासरीची हीच रीत दिली आणि तिच्या फळाला ‘स्थूल’ म्हटलं. लगेच पुढं ‘सूक्ष्म’ रीत दिली: चार बाजूंच्या बेरजेचं निम्मं, त्यातून एकेक बाजू वजा, चारही वजाबाक्यांचा गुणाकार आणि त्याचं वर्गमूळ. ही रीत ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर येतात अशा चौकोनालाच तंतोतंत लागू पडते. पण तिचा दुसरा उपयोग मला फार आवडतो. दिलेल्या चार बाजूंत जास्तीत जास्त किती जागा मावेल ते ती सांगते. तुमच्या बाजूंना ती ११९ गुंठ्यांच्या जरा वर येते. म्हणजे शेत कसंही वळवलं, वाकवलं, तरी त्या चार बाजूंत १२८ गुंठे मावूच शकत नाहीत. चुलत्यांपुढं हाच आकडा ठेवा. यात कुणाचा शब्द खोटा पडत नाही.

आणि भास्कराचार्य. जन्म १११४, लीलावती लिहिली ११५० मध्ये. कन्नडचा घाट उतरून खाली गेलं की चाळीसगावजवळ पाटण लागतं. तिथल्या शिलालेखात त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. लीलावतीत भास्कराचार्य बजावतात की कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच आहे, आणि त्याला उत्तर देणारा त्याहूनही मोठा. इतका कडक शब्द त्यांनी उगाच वापरला नसेल. त्यांच्याही काळी माणसं असंच मोजून भांडत असणार.

माझे वडील आणि काका ६ गुंठ्यांवरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. नववीत हेरॉनचं सूत्र शिकले तेव्हा मी सुंभाची दोरी घेऊन आमचं शेत मोजायला गेले. कर्णाच्या एका टोकाला वडील उभे राहिले. दुसरं टोक धरायला कुणीच नव्हतं. काका त्यांच्या शेतातल्या आखाड्यावरून बघत होते. ते उठून आले आणि दोरी धरली. बोलले काहीच नाहीत. ६ गुंठे वडिलांच्या रीतीत जास्तीचे निघाले. पुढं मी सेलूला ३१ वर्षं गणित शिकवलं. दरवर्षी नववीच्या वर्गाला कर्ण मोजायला शाळेबाहेर नेलं, ते त्या दिवसामुळं.

खरेदीखताआधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी मात्र करून घ्या. कायद्यापुढं तीच चालते.

मॅडम, आम्ही गेवराई तालुक्यातले, नवरा-बायको ऊसतोडीला जातो. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावी येऊन दोघंही दोन-दोन बाटल्या सलाईन लावून घेतो. सासूबाईही अशक्तपणा आला की लावून घेतात. त्याशिवाय ताकद येत नाही. मुलगी दहावीला आहे, ती म्हणते हे चुकीचं आहे. काय खरं?

मुलीला बाटलीवरचं लेबल मोठ्यानं वाचायला सांगा. ‘सोडियम क्लोराईड ०.९ टक्के’ लिहिलं असेल तर ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आहे, बाकी पाणी. ‘डेक्स्ट्रोज ५ टक्के’ असेल तर २५ ग्रॅम साखर आहे. त्या साखरेतून शंभर कॅलरीसुद्धा मिळत नाहीत. ज्वारीच्या एका भाकरीत त्याच्या दुपटीहून जास्त मिळतात, शिवाय प्रथिनं आणि लोह मिळतं. बाटलीत ती दोन्ही नसतात.

पण तुम्हाला बरं वाटतं हे मी खोटं मानत नाही. सहा महिने उन्हात कोयता चालवून, मोळ्या वाहून आलेलं शरीर सुकलेलं असतं. त्यात पाणी आणि मीठ गेलं की हलकं वाटतं. आणि त्या निमित्तानं दोन तास आडवं पडायला मिळतं, जे फडात कधीच मिळत नाही. फक्त हेच पाणी-मीठ तोंडानं घेतलं तरी शरीरात तितकंच पोचतं.

का पोचतं ते सांगते. आतड्याच्या आतल्या अस्तरात मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आत घेणारी वाट असते. दोघं सोबत असले की ती उघडते आणि मागोमाग पाणी खेचलं जातं. पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, आतडं बिघडलं तरी ही वाट चालू राहते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ती चारच्या आत आली. आज दवाखान्यात ओआरएसची पुडी मिळते, ती याच तत्त्वावर. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घाला. मीठ याहून जास्त घालू नका. हे जुलाबासाठी आणि उन्हानं सुकल्यावर प्यायचं पाणी आहे, रोजचं सरबत नव्हे. रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता खरी काळजी. सासूबाईंचा अशक्तपणा कशामुळं आहे हे कुणी पाहिलं का? बाटलीनं दोन दिवस बरं वाटतं आणि मूळ आजार तसाच झाकून राहतो. हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईड तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीही तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, यातलं बरंच तिथं होतं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय, आणि तो कितीही सलाईन लावलं तरी भरून येत नाही. त्याला बहुतेक वेळा लोहाच्या गोळ्या लागतात आणि रक्त कुठं जातंय किंवा का तयार होत नाही ते शोधावं लागतं. तुम्ही स्वतःचंही तपासा. फडावरच्या बाया स्वतःचं दुखणं सगळ्यात शेवटी सांगतात.

उलटी थांबत नाही, लघवी होत नाही, माणूस गुंगीत आहे, डेंग्यूत रक्तदाब उतरलाय, अशा वेळी सलाईन जीव वाचवतं. तेव्हा एक मिनिटही घालवू नका. मुलीनं विचारलं हे फार चांगलं केलं. तिला माझा निरोप द्या.

पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात? माझं भांडं शेजाऱ्याच्या भांड्यापेक्षा रुंद आहे, मग माझा पाऊस जास्त धरायचा का? – एक शेतकरी, अहमदपूर

नाही. रुंद भांड्यात पाणी जास्त पडतं, पण ते तितक्याच रुंद तळावर पसरतं, म्हणून उंची सारखीच येते. अट एकच, भांड्याच्या कडा सरळ हव्यात. बादली खाली निमुळती असते, ती खऱ्यापेक्षा जास्त पाऊस दाखवते. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर, एका गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर, एका एकरावर सुमारे ४,०४७ लिटर. अतिवृष्टीसाठी ६५ मिलिमीटरची रेघ धरतात, म्हणजे एकरावर २ लाख ६३ हजार लिटर. महसूल मंडळाच्या आकड्याशी ताळा करायचा असेल तर सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा दिवस धरा. रात्री बारा ते बारा धरलं तर जुळणार नाही.

मी आठवीत आहे, औसा तालुका. आमचे सर म्हणाले, दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो. मी अंगणात काठी रोवून पाहिली तर सावली होतीच. माझं कुठं चुकलं? – एक विद्यार्थिनी

तुझं काहीच चुकलं नाही, बाळा. तू स्वतः काठी रोवलीस, हेच मला सगळ्यात आवडलं. सूर्य दररोज बरोबर डोक्यावर येत नाही. आपल्याकडं असे वर्षात दोनच दिवस असतात. औसा-लातूरला पहिला १३ मेच्या आसपास, नांदेडला १६ मेच्या सुमारास, छत्रपती संभाजीनगरला १९-२० मेला. सूर्य उत्तरेकडं सरकत जातो तसा हा दिवसही गावागावातून वर सरकतो. दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे, तिथं हा दिवस कधीच येत नाही.

वेळही बाराची नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि औसा त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. म्हणून मे महिन्यात तुझ्याकडं सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजून २० मिनिटांच्या सुमारास.

त्या दिवशी लोखंडी पहार रोव आणि ओळंबा लावून ती सरळ उभी आहे का बघ, ती तिरकी असेल तर सगळं फुकट जाईल. सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण कर. जूनमध्ये पुन्हा तसंच कर. तेव्हा भरदुपारी सावली दक्षिणेकडं पडलेली दिसेल, कारण सूर्य आपल्याला ओलांडून उत्तरेला गेलेला असतो. दुसरा दिवस जुलैच्या अखेरीस येतो, पण तेव्हा आभाळ असतं. ढग फाटले तर साडेबाराला अंगणात ये, तेव्हा माथ्यावर यायला सूर्य दहा मिनिटं उशीर करतो. दोन्ही वेळच्या खुणांची वही मला पाठव.