चारही विषय आवडतात, निवड कशी करू?

प्रश्न : मी अकरावीत विज्ञान शाखेत आहे. संशोधनाच्या बातम्या वाचायचा मला नाद आहे. अवकाशातल्या वेब दुर्बिणीने शोधलेल्या दूरच्या दीर्घिका, जनुकं दुरुस्त करून बरे झालेले रुग्ण, नुसत्या हवेतून प्राण्यांचा डीएनए पकडणारे संशोधक, प्रथिनांचे आकार सांगणारं अल्फाफोल्ड हे संगणकी तंत्र, असं सगळं मी एका वहीत टिपून ठेवते. पण खगोलशास्त्र, वैद्यक, इकॉलॉजी आणि पेशीविज्ञान यांतलं काय निवडायचं तेच ठरत नाही. बाबा म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ मला संशोधनच करायचंय, पण गणितात मी साधारण आहे. माझं मन स्थिर नाही असं समजायचं का?

उत्तर :

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझं मन अस्थिर आहे असं मला अजिबात वाटत नाही. तू वहीत टिपलेल्या चारही गोष्टींत एक धागा आहे. आजवर दिसत नव्हतं ते बघायची कुणीतरी नवी रीत काढली, आणि तुला ती रीत आवडली. हवेतून डीएनए ‘पकडणारे’ असं तू लिहिलंस. प्राणी कोणते सापडले हे तू लिहिलंच नाहीस. म्हणजे तुझं लक्ष उत्तरापेक्षा ते कळलं कसं याकडे जास्त आहे. ही संशोधकाची ओढ आहे आणि ती विषय ठरण्याच्या आधी येते.

बाहेरून हे चार विषय चार वेगळ्या इमारती वाटतात. आत काम करणाऱ्यांचं येणं-जाणं मात्र सारखं चालू असतं. माझं एक आवडतं उदाहरण सांगते. व्हेल शार्कच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि प्रत्येक माशाची ठिपक्यांची नक्षी वेगळी. एखादा मासा पुन्हा दिसला तर तो आधीचाच का, हे फोटोंवरून ओळखता आलं तर अंगाला टॅग न लावता त्यांची संख्या आणि वाटचाल कळेल. पण हजारो फोटो डोळ्यांनी कोण जुळवणार? आकाशाच्या दोन फोटोंतले तारे एकमेकांशी जुळवायची एक पद्धत खगोलशास्त्रात १९८६ पासून होती. तीन-तीन तारे घेऊन त्रिकोण करायचे आणि त्यांच्या बाजूंची गुणोत्तरं ताडून पाहायची. फोटो फिरवला, लहान-मोठा केला, तरी गुणोत्तरं तीच राहतात. एक सागरी जीवशास्त्रज्ञ, एक संगणक प्रोग्रामर आणि एक खगोलशास्त्रज्ञ एकत्र आले आणि त्यांनी ताऱ्यांच्या जागी कल्ल्यांमागचे ठिपके धरले. ऑस्ट्रेलियातल्या निंगालू प्रवाळभिंतीजवळच्या व्हेल शार्कवर त्यांनी ही पद्धत वापरली आणि २००५ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. आता सांग, हे काम खगोलशास्त्राचं की इकॉलॉजीचं?

दुसरं उदाहरण डोळ्यांचं. वातावरणातल्या हालचालींमुळे दुर्बिणीतून तारे थरथरताना दिसतात. त्यावर उपाय म्हणून खगोलशास्त्रज्ञ असा आरसा वापरतात जो सेकंदाला शेकडो वेळा आपला आकार किंचित बदलतो आणि आलेली विकृती तिथल्या तिथे पुसून टाकतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तंत्र माणसाच्या डोळ्यावर वापरलं. जिवंत माणसाच्या दृष्टिपटलावरच्या एकेक पेशी दिसू लागल्या. पुढे जिवंत ऊतींच्या आत बघणाऱ्या मायक्रोस्कोपातही ते आलं.

आणि गिधाडं. दक्षिण आशियातली गिधाडं नव्वदच्या दशकापासून झपाट्याने नाहीशी होऊ लागली. रोग असावा, विषाणू असावा, असा तर्क बरेच दिवस चालला. शेवटी २००४ मध्ये सिद्ध झालं की गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मृत शरीरांतून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करत होतं. पक्षी मोजणारे, शवविच्छेदन करणारे पशुवैद्यक आणि औषधाचा अंश शोधणारे रसायनतज्ज्ञ, यांतलं एकजण जरी कमी असतं तरी हे कोडं सुटलं नसतं.

म्हणून ‘कोणता विषय?’ हा प्रश्न वर्षभर बाजूला ठेव असं मी म्हणेन. त्याऐवजी रोज सकाळी उठून काय करायला तुला आवडेल ते बघ, कारण बातमी कितीही झळाळती असली तरी तिच्यामागचे दिवस फार वेगळे असतात आणि प्रत्येक क्षेत्राचे दिवस निराळे.

पेशीविज्ञानात सुरुवातीची वर्षं पेशी जिवंत ठेवण्यात जातात. डिशमधलं गुलाबी द्रावण पिवळं पडू लागलं की समजायचं, पेशी भरपूर वाढल्यात आणि द्रावण आम्ल झालंय. मग जुनं काढून नवं घालायचं, पेशी वेगळ्या डिशमध्ये विभागायच्या, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. द्रावण गढुळलं तर जंतू शिरले आणि आठवड्यांचं काम फेकून द्यायचं. हात स्वच्छ, स्थिर आणि सवयीचा लागतो. जपानच्या योशिनोरी ओसुमींनी यीस्टच्या पेशींकडे तासन्‌तास बघत बसण्यातून पेशी स्वतःचेच जुने भाग कसे पचवतात याचा माग काढला. पचवणारी विकरं (एन्झाइम) नसलेलं यीस्ट त्यांनी उपाशी ठेवलं. पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीत, बारीक गोळ्या साचून थुईथुई हलताना त्यांना साध्या मायक्रोस्कोपाखाली दिसल्या. ते काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं, नोबेल मिळालं २०१६ मध्ये. अशी बैठक ज्याला आनंदाची वाटते त्याने पेशींकडे जावं.

खगोलशास्त्रात आता दुर्बिणीला डोळा लावून बसणं जवळपास संपलंय. दिवसाचा मोठा भाग संगणकासमोर कोड लिहिण्यात, यंत्राचे दोष आकड्यांतून वजा करण्यात आणि दुर्बिणीचा वेळ मिळावा म्हणून प्रस्ताव लिहिण्यात जातो. वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांच्या चौथ्या फेरीसाठी २३७७ प्रस्ताव आले आणि मागितलेला वेळ उपलब्ध वेळेच्या सुमारे नऊपट होता. म्हणजे उत्तम कल्पनासुद्धा बहुतेक वेळा परत येते. चिलीतल्या रूबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये आली. तिचा कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा आहे आणि ती रोज रात्री सुमारे वीस टेराबाइट माहिती गोळा करणार आहे. या माहितीतून काम करणाऱ्याला आकाशाइतकीच आकड्यांची आवड हवी.

इकॉलॉजीत चिखल, पाऊस आणि डास आहेत, पण खरी कसोटी परत आल्यावर लागते. जर्मनीत ६३ संरक्षित ठिकाणी जाळीचे सापळे लावून २७ वर्षं उडणारे कीटक गोळा केले गेले, अल्कोहोलमध्ये ठेवून तोलले गेले. २०१७ मध्ये निष्कर्ष आला की कीटकांचं एकूण वजन पाऊण हिश्श्याहून जास्त घटलंय. ही मोजणी मुख्यतः हौशी कीटक अभ्यासकांच्या मंडळाने केली होती. एकाच पद्धतीने, एकाच चिकाटीने, इतकी वर्षं. मला या कामाबद्दल फार आदर आहे.

वैद्यकाचं थोडं वेगळं आहे, म्हणून नीट वाच. बाकीच्या तीन क्षेत्रांची दारं पुढेही उघडी राहतात. वेंकी रामकृष्णन यांची पीएचडी भौतिकशास्त्रातली. ती झाल्यावर ते पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले आणि पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. रॉबर्ट मे यांनीही भौतिकशास्त्रात पीएचडी केली आणि पुढे इकॉलॉजीतल्या गणिताचा पाया भक्कम केला. पण रुग्णाला स्वतः तपासायचं, औषध द्यायचं, तर वैद्यकीय पदवी लागतेच आणि तिचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. तेव्हा स्वतःला एकच गोष्ट विचार : आजारी माणसाशेजारी बसून काम करायची इच्छा आहे का? उत्तर मनापासून हो असेल तर वैद्यकाकडे जा. डॉक्टर होऊन संशोधन करणारे पुष्कळ आहेत. आजाराची यंत्रणा समजून घ्यायची ओढ असेल, पण दवाखान्याची नसेल, तर वैद्यकीय पदवीवाचूनही औषधांवर आयुष्यभर काम करता येतं. अल्फाफोल्डसाठी २०२४ चं नोबेल मिळालेल्यांपैकी कुणीही डॉक्टर नाही.

आता तुझ्या वहीबद्दल. ती बंद करू नकोस, फक्त तिच्यात दोन रकाने वाढव. एक, ‘हे कळलं कसं?’ यात यंत्र, पद्धत, किती नमुने, किती वर्षं हे लिही. दुसरा, ‘यातलं कोणतं काम मला स्वतःला करायला आवडलं असतं?’ बातमीवर थांबू नकोस. मूळ शोधनिबंधाचा सारांश आणि आकृत्या बघ. पहिले काही निबंध अर्धे कळतील, चालेल. तीन-चार महिन्यांनी दुसरा रकाना एकसलग वाच. त्यात सगळीकडे कोडिंग असेल, की मायक्रोस्कोप, की रानात हिंडणं, ते तुलाच दिसेल. माझ्या अनुभवात हा रकाना कलचाचणीपेक्षा खरं सांगतो.

शिवाय हात लावून बघ. झूनिव्हर्स नावाच्या संकेतस्थळावर सामान्य माणसं खऱ्या संशोधनात मोफत मदत करतात. २००७ मध्ये दीर्घिकांचे आकार ओळखण्याच्या प्रकल्पातून त्याची सुरुवात झाली. तिथे तुला दीर्घिका ओळखता येतील, जंगलातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले प्राणी मोजता येतील आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या चित्रांत पेशीच्या भागांच्या कडा रेखता येतील. प्रत्येक प्रकल्पाला दोन आठवडे दे. पहिल्या दिवशी सगळंच छान वाटतं, त्यामुळे त्याला महत्त्व देऊ नकोस. दहाव्या दिवशी, गवत हललं म्हणून निघालेले रिकामे फोटो बघूनही तू कुठे टिकून आहेस, ते लिहून ठेव. याच दीर्घिका प्रकल्पात एका डच शाळाशिक्षिकेला एक विचित्र निळा डाग दिसला आणि तो खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक नसलेला वायूचा प्रचंड ढग निघाला.

बाबांशीही थोडं बोलते. तुमची काळजी रास्त आहे. पीएचडीला पदवीनंतर बरीच वर्षं लागतात, त्यानंतर काही वर्षं तात्पुरत्या जागांवर काढावी लागतात आणि कायमच्या प्राध्यापकीच्या जागा इच्छुकांच्या मानाने सगळीकडेच थोड्या आहेत. हे तिला आत्ताच सांगायला हवं, म्हणून मीही सांगते आहे. पण संशोधनात प्राध्यापकांखेरीज खूप माणसं लागतात. गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा नोंदल्याच्या निबंधावर हजाराहून अधिक नावं आहेत. त्यांत लेझर जाणणारे, आरशांचे लेप करणारे आणि संगणकप्रणाली सांभाळणारे लोकही आहेत. संख्याशास्त्र, प्रोग्रामिंग, मायक्रोस्कोपी यांतलं एक कौशल्य पक्कं असलेली व्यक्ती एका विषयात जागा नसली तर दुसरीकडे जाऊ शकते. मुलीचं चारही विषयांत लक्ष असणं तिथे उपयोगी पडतं.

आणखी एक, वेळेबद्दल. स्पेनच्या फ्रान्सिस्को मोहिका यांना मिठागरातल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे तुकडे दिसले ते १९९३ च्या सुमारास, ते स्वतः पीएचडीचे विद्यार्थी असताना. हे तुकडे विषाणूंपासून बचावासाठी आहेत हे त्यांना दहा वर्षांनी उमगलं, आणि तो निबंध अनेक नियतकालिकांनी नाकारल्यावर २००५ मध्ये छापून आला. त्याच धाग्यावर पुढे जनुकं दुरुस्त करायचं क्रिस्पर तंत्र उभं राहिलं आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या पहिल्या क्रिस्पर उपचाराला मान्यता मिळाली. तू वहीत टिपलेली, रुग्ण बरे झाल्याची ती बातमी तीस वर्षांची आहे. मिठागरात काम करणाऱ्या त्या विद्यार्थ्याला वैद्यकाच्या खात्यात कुणी धरलंही नसतं.

राहिलं गणित. साधारण गुणांवरून घाबरू नकोस, पण गणित सोडूही नकोस, कारण चारही क्षेत्रांत ते लागतंच. सैद्धांतिक खगोलशास्त्राला भरपूर लागतं, बाकी ठिकाणी संख्याशास्त्र सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं. सरासरी, विचलन, नमुना किती मोठा असावा, दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं का म्हणता येत नाही, एवढं या वर्षी पक्कं कर. ते नुसतं पुस्तकातून करू नकोस. वर सांगितलेला जर्मनीतल्या कीटकांचा निबंध घे, त्यातला एक आलेख कागदावर स्वतः काढ, उभ्या-आडव्या अक्षांवर काय आहे ते लिही आणि सापळे वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या ठिकाणी लावले असतील तर निष्कर्षावर काय परिणाम होईल याचा विचार कर. शास्त्रज्ञांनीही त्या अभ्यासाला हाच प्रश्न विचारला होता. गणिताच्या शिक्षकांना तो आलेख दाखव आणि त्यांच्याबरोबर बसून सोडव. जमलं की मला कळव, पुढचा निबंध मी सुचवेन.