मधल्या इंजिनाची गाडी आणि नवा ड्रायव्हर

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला राहतो. मुलगा १९ वर्षांचा आहे, चार महिन्यांपूर्वी ड्रायव्हिंग टेस्ट पास झाला. आजवर त्याने फक्त माझी यारिस चालवली आहे. आता स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घ्यायला त्याने २००३ची टोयोटा एमआर-टू बघून ठेवली आहे. दोन सीटची, छत उघडणारी, इंजिन सीटच्या मागे. "इंजिन १.८ लिटरचंच तर आहे, ताकद कुठे फार आहे?" असं तो म्हणतो. त्याचे मित्र म्हणतात, ही गाडी वळणावर गरकन फिरते. खरं काय? घेऊ द्यावी का?
— एक वाचक, कोव्हेंट्री

उत्तर : लायसन्सच्या पहिल्या वर्षात घेऊ देऊ नका. गाडी वाईट आहे म्हणून हे सांगत नाही, उलट फार गुणी गाडी आहे. मुलाचं ताकदीबद्दलचं म्हणणंही खरं आहे. साधारण १४० अश्वशक्ती आणि वजन जेमतेम एक टन, म्हणजे पळते चांगली, पण आवरणार नाही अशी नाही. अडचण वेगाची नाहीच. ड्रायव्हर घाबरला की त्याचा पाय जे करतो, त्याला ही गाडी कसं उत्तर देते, ही खरी अडचण आहे.

पाण्याने भरलेल्या दोन बादल्या हातांत घेऊन, हात लांब करून जागच्या जागी गिरकी घेऊन बघा. सुरुवात जड जाते. त्याच बादल्या अंगाशी धरल्या की गिरकी लगेच लागते. यारिसचं इंजिन पार पुढे, नाकात आहे. एमआर-टूचं इंजिन आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांच्या जरा पुढे, म्हणजे गाडीच्या पोटात आहेत. म्हणूनच स्टिअरिंग जरा हलवलं की ती चटकन वळते आणि तिच्या प्रेमात पडणारे त्यासाठीच पडतात. पण मागची चाकं सुटली तर तितक्याच चटकन फिरते आणि सावरायला वेळ कमी मिळतो. वजनाचा वाटाही मागे जास्त आहे, १०० किलोतले सुमारे ५८ किलो मागच्या चाकांवर.

आता नेमकं बिघडतं कुठे ते बघा. रस्ता ओला आहे, वळण वाटलं होतं त्यापेक्षा घट्ट निघालं. नवा माणूस दचकून ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलतो. यारिसमध्ये ही सवय त्याला वाचवते. पाय उचलला की वजन पुढे सरकतं, पुढच्या टायरना पकड मिळते, बाहेर जाणारं नाक आत येतं. चार महिन्यांत त्याचा पाय हेच शिकला आहे. एमआर-टूत त्याच क्षणी दोन गोष्टी एकदम होतात. वजन पुढे गेल्यामुळे मागची चाकं हलकी होतात आणि इंजिनाचं ओढणं, म्हणजे इंजिन ब्रेकिंग, तेवढ्यात त्या मागच्याच चाकांवर येतं. टायरची पकड ही एकच पुंजी असते. ती गाडीला वळणात धरून ठेवायला खर्च होते किंवा वेग कमी करायला. पुंजी कमी झाली असताना दोन्हीकडून मागणी आली की मागचा भाग बाहेर सरकतो. मग घाबरून ब्रेक दाबला की उरलंसुरलंही संपतं.

मित्रांनी ऐकलेल्या बहुतेक गोष्टी या गाडीच्या आधीच्या, १९८९ साली आलेल्या पिढीच्या आहेत. तिच्या सुरुवातीच्या गाड्या याच वागण्यासाठी बदनाम झाल्या. पुढे टोयोटाने सस्पेन्शनची मांडणी बदलली, १४ इंची चाकं जाऊन १५ इंची आली आणि मागचे टायर २०५ऐवजी २२५ मिलिमीटर रुंदीचे केले. तुमचा मुलगा बघतोय ती १९९९ साली सुरू झालेली तिसरी पिढी. ती हलकी आहे आणि बरीच समजूतदार आहे. तरीही वर सांगितलेलं पाय उचलण्याचं गणित तिलाही लागू आहेच.

त्याला मागच्या चाकांवर चालणारी, दोन सीटची, उघड्या छताचीच गाडी हवी असेल तर पहिली गाडी म्हणून माझदा एमएक्स-फाइव्ह घ्यायला सांगा. इंजिन पुढे, वजन पुढेमागे जवळपास सारखं, आणि घसरू लागली तर आधी कळवते. वर्ष-दीड वर्ष, त्यात एक पूर्ण हिवाळा, तिच्यावर काढला की एमआर-टू घ्यायला आमची हरकत नाही. तोवर पैसेही सांभाळून राहतील, कारण पहिल्या वर्षात बंपर घासले जातातच.

आणि तरीही तो हीच घेणार असेल तर पुढचं सगळं पाळायला लावा.

टायर आधी. या गाड्या हौसेच्या असतात, वर्षाला कमी चालतात, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते पण रबर वाळून कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूला 'डॉट' अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. २३१५ म्हणजे २०१५ सालचा २३वा आठवडा. सहा-सात वर्षांपलीकडचे टायर कितीही छान दिसोत, बदला. चारही एकाच कंपनीचे, एकाच जातीचे हवेत. मागे चांगले आणि पुढे स्वस्तातले, किंवा उलट, असा मेळ या गाडीत अजिबात चालत नाही. ब्रिटनमध्ये नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. आम्ही ३ला बदला म्हणतो, कारण या गाडीचं नाक हलकं आहे आणि साचलेल्या पाण्यावर हलकं नाक आधी तरंगतं. झिजलेल्या प्रत्येक टायरमागे २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि ३ पेनल्टी पॉइंट लागू शकतात. टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं. म्हणजे दोन गुळगुळीत टायर, आणि मुलगा पुन्हा शिकाऊ लायसन्सवर.

हवेचंही तसंच. या गाडीत पुढे साधारण २६ आणि मागे ३२ पीएसआय हवा असते. गाडीवरची चिठ्ठी बघून तेवढीच भरा, टायर थंड असताना. सवयीने चारही चाकांत ३२ भरून देणारे बरेच भेटतात. पुढे-मागे हा फरक कंपनीने मुद्दाम ठेवला आहे, तो मोडला की गाडीचा तोल बदलतो.

गाडी घेण्याआधी बघायच्या तीन गोष्टी. या पिढीच्या सुरुवातीच्या, साधारण २००२ सालापर्यंतच्या इंजिनांत पिस्टनच्या रिंगा तेल खायच्या, आणि इंजिनाला लागूनच असलेल्या एक्झॉस्टच्या नळीत (मॅनिफोल्डमध्ये) बसवलेला छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा भाग, फुटून त्याची भुकटी उलटी इंजिनात ओढली जायची. २००३ची गाडी त्या मानाने बरी, पण डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, स्वतः ओढून बघा, आणि इंजिन गरम झाल्यावर मागे निळा धूर येतो का तेही. दुसरं, गाडी लिफ्टवर चढवून मागची सबफ्रेम, म्हणजे गाडीखालची लोखंडी चौकट, बघा. इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ती आतून गंजते. सस्पेन्शनचे हात तिलाच जोडलेले असल्यामुळे हा गंज म्हणजे थेट चाकांचा कोन बिघडणं. तिसरं, रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, म्हणून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गाडीखालच्या लांब पाइपांतून फिरतं. कूलंट बदलताना त्यात हवा अडकली की तापमानाचा काटा एकदम वर जातो. कूलंट शेवटचं कधी आणि कोणी बदललं ते विचारा. विकत घेतल्यावर पहिलं काम चारही चाकांचं अलाइनमेंट. पुढच्या दोनच चाकांचं करून पाठवतील, ते पुरत नाही. मागच्या चाकांची टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, बिघडलेली असेल तर सरळ रस्त्यावर काही कळत नाही आणि वळणात पाय उचलला की कळतं.

मग सराव. निसरड्या जमिनीवर शिकवणाऱ्या जागा ब्रिटनमध्ये आहेत, स्किड पॅन म्हणतात. तिथे शिक्षक शेजारी बसवून अर्धा दिवस काढा. एका ठरावीक गोलात सारख्या वेगाने फिरायचं, मग पाय हळू उचलायचा, मग एकदम उचलायचा, आणि मागचा भाग कधी निघतो ते कमरेला कळेपर्यंत पुन्हा करायचं. हे वाचून येत नाही. रस्त्यावर मात्र क्रम एकच : ब्रेक सरळ रस्त्यावर, गिअरही वळणाआधीच, वळणात ॲक्सिलरेटर हलका पण स्थिर, चाकं सरळ होऊ लागली की मग वाढवायचा. ओल्या रस्त्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून क्लच धाडकन सोडला तरी मागची चाकं अडकल्यासारखी होऊन सरकतात, तेव्हा क्लच हळू. मागचा भाग सुटलाच तर नजर जायचंय तिकडे, स्टिअरिंग त्याच दिशेला आणि गाडी सरळ होऊ लागताच लगेच मागे. दुसऱ्या बाजूला फेकली जाते ती इथे उशीर केल्यामुळे. पूर्ण फिरलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही तळापर्यंत दाबून धरायचे, म्हणजे ती निदान कुठे जाणार हे तरी ठरतं.

इन्शुरन्सबद्दल एकच, पण महत्त्वाचं. हप्ता वाचवायला मुख्य ड्रायव्हर म्हणून स्वतःचं नाव टाकून मुलाला 'जोडीचा' दाखवू नका. गाडी रोज तोच चालवणार असेल तर ती फसवणूक धरली जाते आणि क्लेम नाकारला जाऊ शकतो. ब्लॅक बॉक्सवाली, म्हणजे गाडी कशी चालवली याची नोंद ठेवणारं यंत्र बसवणारी, पॉलिसी घ्या. तो जोरात ब्रेक कधी मारतो याची नोंद मुलाला स्वतःलाही बघायला मिळते.

प्रश्न : माझ्या दिरांनी पुण्यात २०१४ची सेकंड हँड पोर्शे बॉक्स्टर घेतली आहे. मला लायसन्स मिळून सहा महिने झाले, स्विफ्ट चालवते. ते म्हणतात, "वहिनी, बिनधास्त चालवा, कॉम्प्युटर सांभाळतो." शिवाय टायरवाल्याने सांगितलं, पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून घ्या, सारखे झिजतील. दोन्ही बरोबर आहे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : टायरवाल्याचं आधी. या गाडीत ते जमतच नाही. तुमच्या गाडीला १८ इंची चाकं असतील तर पुढे २३५ आणि मागे २६५ मिलिमीटरचे टायर असतात, रिमची रुंदीही वेगळी. टायरवर कंपनीने मान्य केल्याची 'एन' खूण बघून तेच घ्यावेत.

दीरांचं अर्धं बरोबर आहे. या गाडीत पीएसएम नावाची यंत्रणा आहे. गाडी घसरू लागल्याचं कळताच ती एखाद्याच चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनाची ताकद कापते. वरच्या एमआर-टूपेक्षा नव्या माणसाला ही गाडी म्हणूनच कितीतरी सोपी आहे, २६५ अश्वशक्ती असूनसुद्धा. मात्र ती यंत्रणा बंद करण्याचं बटण आहे, त्याला हात लावू नका. आणि यंत्रणा टायरला पकड देऊ शकत नाही, असलेली वाटून देते. ताम्हिणीत जुलैमध्ये रस्त्यावरून पाणी आडवं वाहत असतं, तिथे २६५चा रुंद टायर पाणी कापण्याऐवजी त्यावर चढतो. स्विफ्टचा अरुंद टायर तिथे जास्त खरा. पावसाळ्यात ही गाडी घाटात नेऊच नका, निदान या वर्षी.

शहरात धोका वेगळाच आहे : नाक जमिनीला फार जवळ आणि मागचं नीट दिसत नाही. स्पीडब्रेकर तिरका घ्या, एकेक चाक चढवत. छत चढवलेलं असताना डाव्या मागच्या कोपऱ्यात स्कूटर पूर्ण लपते, तेव्हा लेन बदलताना आरसा दोनदा बघा. आणखी एक, डिपस्टिक शोधू नका, नाही. तेलाची पातळी समोरच्या स्क्रीनवर बघायची, आणि तेल व कूलंट ओतायची तोंडं मागच्या डिकीत आहेत. इंजिन दिसतच नाही म्हणून या गोष्टी विसरल्या जातात. स्टेपनीही नाही, डिकीत टायर बुजवायचं द्रव आणि हवेचा पंप असतो. द्रवाच्या बाटलीवरची मुदत आजच बघून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे वीस वर्षं मारुती ऑम्नी होती. तिचंही इंजिन सीटखाली, दोन्ही चाकांच्या मध्ये. म्हणजे तीही मिड-इंजिनच ना? ती तर कधी फिरली नाही.
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : व्याख्येने हो. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, पुढच्या चाकांच्या जरा मागे, आणि ताकद मागच्या चाकांना. पण वरच्या एमआर-टू आणि बॉक्स्टरसारख्या स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या मागे, मागच्या चाकांना खेटून असतं. ऑम्नीत इंजिन आणि पुढे बसलेली दोन माणसं, सगळं पुढेच. त्यामुळे मागे वजन जास्त असण्याचा प्रश्न तिच्यात येत नाही, उलट रिकामी असताना मागचा भाग फार हलका असतो. पहिल्या पावसात जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडकायची, ती यामुळे. आता घरी ईको असेल तर तीच मांडणी तिच्यातही आहे. रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर असेल तर पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा.