दीर्घिकांची (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड वस्त्यांची) जिथे दाटी, तिथे टकरी होऊन जास्त तारे जन्मायला हवेत ना?

नाही. आजच्या विश्वात बहुतेक ठिकाणी उलटंच दिसतं. या प्रश्नावर माझं जुनं भांडण आहे, म्हणून लिहितोय.

वांगणीला आकाशदर्शनाला जायचो तेव्हा आमच्यात एक ज्येष्ठ काका होते. मार्च-एप्रिलच्या रात्री दुर्बीण सप्तर्षीकडे वळवून एम82 ही दीर्घिका दाखवायचे आणि नवख्यांना सांगायचे, "शेजारच्या एम81नं ओढलं म्हणून इथे एवढे तारे जन्मतायत. दीर्घिका जास्त, तिथे तारे जास्त." पहिलं वाक्य बरोबर, दुसरं साफ चूक. मी म्हटलं, काका, एम82 छोट्या गटात आहे. तिथे दीर्घिका एकमेकींजवळून सावकाश जातात, वायू ढवळला जातो. कन्या समूहात, म्हणजे कन्या राशीच्या दिशेला दिसणाऱ्या दीर्घिकांच्या मोठ्या जमावात, हजारावर दीर्घिका आहेत आणि वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात. त्या ओझरत्या निघून जातात, एकमेकींत मिसळायला सवडच नाही. यावर काका काय म्हणाले? "तू जरा चहाचं बघ." चारचौघांत!

मुळात मामला वायूचा आहे; तारे थंड वायूतूनच जन्मतात. समूहात दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू असतो. त्यातून दीर्घिका सुसाट निघाली की समोरचा वारा तिचा थंड हायड्रोजन मागे उडवतो. गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी हे 1972 मध्येच मांडलं होतं. कन्या समूहाचे रेडिओ नकाशे पाहा: केंद्राजवळच्या कित्येक सर्पिल दीर्घिकांत तारे जागच्या जागी, पण हायड्रोजनची तबकडी कडेनं कुरतडलेली. जिचा वायू असा उडत नाही, तिचाही बाहेरून येणारा पुरवठा तुटतो. शिल्लक संपली की विषय संपला. ड्रेसलर या खगोलशास्त्रज्ञानं 1980 मध्ये 55 समूह तपासले, तर दाटी वाढेल तशा सर्पिल दीर्घिका, म्हणजे जिथे सहसा नवे तारे जन्मतात त्याच, कमी.

मध्यंतरी काकांनी जेओ201 या 'जेलीफिश', म्हणजे मागे वायूच्या शेपट्या सोडत जाणाऱ्या दीर्घिकेचा फोटो पाठवला. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटनं अतिनील प्रकाशात टिपलेला, शेपटीत नवे तारे. खाली लिहिलेलं, "बघ, समूहात जन्मतायत!" जन्मतायत की. पण निसटून चाललेल्या वायूत. दाबामुळे थोडा काळ उसळी येते, मग सामसूम. मी एवढंच कळवलं, उत्तर आलं नाही.

तुम्ही कुणाला आकाश दाखवत असाल तर एम82 जरूर दाखवा, फक्त त्यावरून कन्या समूहाचे निष्कर्ष काढू नका.

हो, एक राहिलं. वजनदार दीर्घिका एकट्या असल्या तरी थंडावतात, म्हणजे त्यांच्यात तारे जन्मणं थांबत जातं, त्यात शेजाऱ्यांचा दोष नाही. गर्दीचा फटका जास्त बसतो तो लहानग्यांना.