रेसखाली काळा पट्टा दिसला, हीट ट्रीटमेंट चुकली का?

प्रश्न : सर, आमच्या ब्लोअरचं बॉल बेअरिंग आठ-नऊ महिन्यांतच गेलं, आतल्या रिंगच्या रेसवरून, म्हणजे बॉल धावतात त्या खाचेवरून, पापुद्रा उडालाय. मी मेटलर्जीचा डिप्लोमा केलाय म्हणून रिंग आडवी कापून पॉलिश करून नायटल (धातूची रचना दिसावी म्हणून लावायचं नायट्रिक अ‍ॅसिड-अल्कोहोलचं द्रावण) लावलं, तर रेसच्या थोडं खाली काळपट पट्टा दिसला आणि तिथली हार्डनेसपण कमी आली. मॅनेजर म्हणतात माल खराब, सप्लायरला रिजेक्शन पाठवा. पाठवू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : थांबा, एवढ्यात पाठवू नका. तुम्ही रिंग कापून बघितली याचंच मला फार कौतुक वाटलं, नाहीतर गेलेलं बेअरिंग थेट भंगारात जातं.

हा पट्टा भट्टीत नाही, बहुतेक चालता चालता तयार झालाय. बेअरिंगचं नेहमीचं स्टील ईएन ३१, म्हणजे साधारण १ टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम, ८४० अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवायचं आणि १६०-१८० अंशांवर परत तापवून टेम्पर करायचं, त्यात मार्टेन्साइट ही स्टीलची कडक रचना मिळते. पण बॉल वरून गेला की सगळ्यात जास्त शिअर स्ट्रेस (थरावर थर सरकवणारा ताण) पृष्ठभागावर येत नाही, मिलिमीटरच्या काही दशांश खाली येतो. तुमचा ब्लोअर १४५० आरपीएमने दिवसरात्र चालत असेल तर दिवसाला २० लाखांवर फेरे होतात, आणि दर फेऱ्याला तीच जागा एकापेक्षा जास्त बॉलखाली दाबली जाते. कोट्यवधी वेळा असं झालं की तिथलं मार्टेन्साइट हळूहळू मोडतं, कार्बन जागा सोडतो आणि नायटल तिथे जास्त खातं, म्हणून काळं दिसतं. त्याच्याही पुढे गेलं तर त्या काळ्यात पांढरे पट्टे येतात, आधी रेसच्या पृष्ठभागाशी साधारण ३० अंश तिरके, मग ८० अंश तिरके. हा तिरकेपणा तुमच्या आडव्या कापात कळणार नाही, बॉल ज्या दिशेने धावतो त्या दिशेने एक तुकडा कापा.

त्यातच ऑक्साइडसारख्या इन्क्लूजनच्या, म्हणजे स्टीलमध्ये अडकलेल्या अशुद्ध कणाच्या, दोन्ही बाजूंना फुलपाखराच्या पंखांसारखे पांढरे भाग दिसतात का बघा. तिथले कण इतके बारीक झालेले असतात की नायटल त्यांना खात नाही, आणि त्या पंखांच्या कडेने भेग असते. अशी फुलपाखरं खूप दिसली तर मात्र स्टीलच्या स्वच्छतेबद्दल सप्लायरला जरूर विचारा.

आता खरी परीक्षा. पट्टा फक्त बॉलच्या ट्रॅकखाली आहे का, कडेला जाता जाता विरतो का? रिंगच्या फेसजवळ, म्हणजे चपट्या बाजूजवळ, बॉल कधीच जात नाही, तिथे हार्डनेस घ्या. तिथे ५८ ते ६४ एचआरसी (रॉकवेल सी मापाची हार्डनेस) आली आणि मार्टेन्साइट नीट दिसलं तर हीट ट्रीटमेंटला दोष देऊ नका, तो अन्याय होईल. तिथेही कमी आली तर तुमचे मॅनेजर बरोबर.

मला संशय आहे तो लोडचा. ब्लोअर बेल्टवर असेल तर ताण मोजा, कारण बॉल बेअरिंगवर लोड दुप्पट झाला की हिशोबाने आयुष्य आठवा हिस्सा उरतं, आणि बेल्ट घसरतो म्हणून अजून आवळणारे फिटर मी खूप बघितलेत. बाहेरची रिंगपण जपून ठेवा. ती फिरत नाही, त्यामुळे बेल्टच्या ओढीने त्यावर ट्रॅक अर्ध्या घेराहून कमी उमटायला हवा. तो पूर्ण गोल असेल तर फिट घट्ट बसून आतला क्लिअरन्स (बॉल आणि रिंगांमधली फट) संपला होता का, हे आधी शोधा.