वॉकीटॉकीचा चॅनल कुठला ठेवायचा? वाचकांचे प्रश्न

यावेळी डोंगरात, जंगलात फिरताना वापरायच्या वॉकीटॉकीबद्दलचे प्रश्न एकत्र घेतलेत. बरेचसे प्रश्न फिरून फिरून चॅनलवरच येतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

प्रश्न: आठ जणांच्या ग्रुपसाठी आम्ही चार सेट घेतले. कुठला चॅनल सगळ्यात लांब जातो?

उत्तर: खरं सांगायचं तर कुठलाच नाही. चॅनल म्हणजे फक्त एका फ्रिक्वेन्सीला दिलेला नंबर. युरोपात जो विनापरवाना बँड आहे तो 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ, त्यात 16 चॅनल, एकमेकांपासून 12.5 किलोहर्ट्झवर, म्हणजे इतके चिकटून की 1 काय आणि 16 काय, लहरींना डोंगर सारखाच आडवा येतो. अमेरिकेतल्या एफआरएस, म्हणजे तिथल्या विनापरवाना सेटवर मात्र फरक आहे, तिथे 8 ते 14 या चॅनलना अर्ध्या वॅटचीच परवानगी आहे आणि बाकीच्यांना 2 वॅटची, त्यामुळे तिथे 8 ते 14 टाळलेले बरे.

रेंज ठरते ती तुम्ही कुठे उभे आहात त्यावर. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. एक सोपा हिशोब आहे, उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि 4.12 ने गुणायचं, की किलोमीटरमध्ये क्षितिज मिळतं. सपाट मैदानात दीड मीटरवर सेट धरला तर 5 किलोमीटर, समोरच्याचे 5, मिळून 10, आणि तेही झाड-घर-चढ काही मध्ये नसेल तर. तेच आजूबाजूच्या सपाटीपेक्षा 400 मीटर उंच माथ्यावर गेलात की एकट्या तुमच्या बाजूचं क्षितिज 80 किलोमीटरच्या वर जातं. खोक्यावर जे 30-35 किलोमीटर छापलेलं असतं ते अशा उघड्या माथ्यांवरचं असतं, ओढ्यात उतरलात आणि मध्ये डोंगराची सोंड आली की एक किलोमीटरसुद्धा मुश्किल.

म्हणून लांबचा नाही, रिकामा चॅनल शोधा. सेट कंपनीतून बहुतेक वेळा चॅनल 1 वर येतो आणि निम्मे लोक तो हलवतच नाहीत, त्यामुळे 1 वर कायम गर्दी. निघायच्या आधी मधल्या एकदोन चॅनलवर पाच-दहा मिनिटं नुसतं ऐका, शांत असेल तो घ्या, आणि अजून एक राखीव ठरवून ठेवा. दोन्ही नंबर कागदावर लिहून सेटला मागे चिकटवा, कारण दमलेल्या माणसाला नंबर आठवत नाही.

प्रश्न: प्रायव्हसी कोड टाकला की आमचं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही ना?

उत्तर: येतं, सगळं येतं. हे नाव ज्यांनी दिलं त्यांनी लोकांची फार दिशाभूल केलीये असं माझं स्पष्ट मत आहे. कोड म्हणजे तुमच्या आवाजाखाली जाणारा एक बारीक सूर, उदाहरणार्थ 67.0 किंवा 88.5 हर्ट्झचा. तुमचा सेट तो सूर आला तरच स्पीकर उघडतो, बस. म्हणजे कोड दुसऱ्यांचे कान बंद करत नाही, तुमचे करतो. ज्याच्या सेटवर कोड नाही तो तुमचं सगळं ऐकतो, आणि त्याच चॅनलवर दुसरा ग्रुप बोलत असेल तर तुम्हाला तो ऐकू येत नाही पण चॅनल अडलेलाच असतो, तुम्ही बोलायला गेलात की दोघांचंही वाया जातं.

यात आम्ही एकदा चांगलेच अडकलो होतो. धुकं एवढं की दहा पावलांवरचा माणूस दिसेना, पुढचे आम्ही धारेवर आणि शेवटचे दोघे मागे खिंडीत. मागचा मित्र बोलावत होता, "आवाज येतोय का, आवाज येतोय का", आम्हाला अगदी स्वच्छ ऐकू येत होतं, आम्ही उत्तर देत होतो आणि त्याला काहीच पोचत नव्हतं. वीस मिनिटं असंच. तो घाबरून पुढे न येता जागेवर थांबला हे त्याचं शहाणपण. शेवटी त्याने मॉनिटरचं, म्हणजे कोड असो-नसो चॅनलवरचं सगळं ऐकवणारं बटण दाबून धरलं आणि खरखरीबरोबर आमचा आवाज आला. मग त्याने स्क्रीन पुसून बघितली तर चॅनलच्या मोठ्या आकड्याशेजारी एक बारका 5 दिसत होता, हातमोज्याने बटण दाबलं जाऊन कोड लागला होता. तेव्हापासून आमच्या सगळ्या सेटवर कोड 0, म्हणजे बंद, आणि कीपॅड लॉक. गर्दीच्या ठिकाणी दुसऱ्यांची बडबड नको म्हणून कोड लावायचा तर लावा, पण बोलायच्या आधी मॉनिटर दाबून चॅनल मोकळा आहे का ते ऐका.

प्रश्न: मित्राचा सेट वेगळ्या कंपनीचा आहे. चॅनल आणि कोड दोन्ही सारखे ठेवले तरी बोलणं होत नाही, सेट खराब आहे का?

उत्तर: बहुतेक नाही. आधी दोन्हीकडे कोड बंद करा आणि बोलून बघा. बोलणं झालं तर गोंधळ कोडच्या नंबरात आहे, नंबर म्हणजे फक्त कंपनीच्या यादीतला त्या सुराचा क्रम. 88.5 हर्ट्झ हा सूर 38 कोडच्या यादीत 8 नंबरला येतो, पण ज्या यादीत 69.3 हा सूरही घेतलेला असतो तिथे तो 9 नंबरला जातो. त्यामुळे मॅन्युअल उघडून नंबर नाही, हर्ट्झ जुळवायचे. कोड बंद करूनही होत नसेल तर चॅनलची फ्रिक्वेन्सीच वेगळी असणार, तीही मॅन्युअलमध्ये बघा.

प्रश्न: परवाना लागतो का?

उत्तर: देशागणिक वेगळं आहे. युरोपातल्या त्या बँडला लागत नाही, पण पॉवर अर्धा वॅट आणि अँटेना न निघणारा हवा. भारतातही 446.0 ते 446.2 हाच पट्टा कमी पॉवरच्या सेटसाठी परवानामुक्त आहे. अमेरिकेत एफआरएसला लागत नाही, जीएमआरएसला, म्हणजे तिथल्याच जास्त पॉवरच्या सेटना लागतो. एका देशातला सेट दुसरीकडे तसाच नेऊन वापरू नका, अमेरिकन सेट 462 आणि 467 मेगाहर्ट्झवर चालतात आणि तिकडे ती जागा दुसऱ्याच कुणाच्या कामाची असू शकते.

प्रश्न: माझं पहिलं वाक्य नेहमी अर्धवटच का पोचतं?

उत्तर: बटण दाबल्या दाबल्या बोलता म्हणून. दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. सेट उभा धरा, तोंडापासून चार बोटं लांब, आणि वाऱ्याकडे पाठ. आधी ज्याला बोलवायचंय त्याचं नाव, मग स्वतःचं. आवाजावर आपोआप चालू होणारी सोय डोंगरात बंदच ठेवा, वारा सुटला की सेट स्वतःच बोलत सुटतो आणि सगळ्यांचा चॅनल अडवतो. सॅकच्या पट्ट्याखाली बटण दाबून राहिलं तरी हेच होतं.

प्रश्न: संकटात कुठल्या चॅनलवर मदत मागायची?

उत्तर: विनापरवाना सेटवर जगभर चालेल असा एकही चॅनल नाही. लोक 16 नंबर सांगतात, पण तो जहाजांचा, 156.8 मेगाहर्ट्झचा, तुमच्या सेटवरच्या 16 शी त्याचा काही संबंध नाही. उत्तर अमेरिकेतले हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने रेडिओ चालवणारे, 146.52 मेगाहर्ट्झवर सकाळी 7 पासून दर तीन तासांनी पाच मिनिटं कान देतात, त्याला परवाना लागतो, पण त्यातली वेळ ठरवायची पद्धत मात्र जरूर उचला. आम्ही ठरवलंय की संपर्क तुटला तर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं सगळ्यांनी सेट चालू ठेवायचा, जमेल त्याने आणि सुरक्षित असेल तरच थोडं उंच, उघड्या जागी जायचं, आधी मुख्य चॅनल, उत्तर नाही आलं तर राखीव. मधल्या वेळात सेट बंद, म्हणजे बॅटरी रात्रभर पुरते. बॅटरी सगळ्यात जास्त खाते ती बोलताना, आणि थंडीत ती लवकर बसते, म्हणून जास्तीची बॅटरी सॅकच्या बाहेरच्या खिशात नाही, जॅकेटच्या आत, अंगाला लागून ठेवायची.