याद्या पाठ करू नकोस, शब्द फोडायला शिक

प्रश्न : मी सोलापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी तेलुगू, शिक्षण मराठी माध्यमातून. मला इंग्रजी वृत्तपत्रात काम करायचंय. पण बातम्यांत डिक्शनरीत न सापडणारे शब्द येतात आणि धीर खचतो. उपसर्ग-प्रत्ययांच्या याद्या पाठ करू का?

उत्तर : नको. 'बेजबाबदार', 'दादागिरी' हे शब्द तुला कुणी समजावून द्यावे लागले का? नाही ना? इंग्रजी पत्रकारही असेच शब्द जोडतात. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांनी 'गुंडा'ला इझम लावून 'गुंडाइझम' केलंच की.

काही शेपट्या मात्र बातमीतूनच जन्मतात, तिथे डिक्शनरी कमी पडते. १९७२ साली वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात घरफोडी झाली, त्या प्रकरणात १९७४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हापासून पत्रकारांच्या लेखी 'गेट' म्हणजे घोटाळा. आपल्या कोळसा खाणवाटपाचं 'कोलगेट' झालं ते त्यामुळेच. अशा शब्दामागची घटना शोध, अर्थ आपोआप बसेल.

आता तुझ्याच गावचा एक शब्द घे : 'डीनोटिफाइड'. १८७१ पासून ब्रिटिशांनी कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, म्हणजे 'नोटिफाय' केल्या. सोलापुरात अशा माणसांना सेटलमेंटमध्ये, म्हणजे सक्तीच्या वसाहतीत, डांबलं होतं. तो भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला गेला, आणि इंग्रजीत मागे राहिलं ते पुढे लागलेलं 'डी' (de). मराठीत त्यासाठी 'विमुक्त' हा किती सुंदर शब्द आहे! घाईत बातमी लिहिताना ते 'डी' गळलं, तर एका अख्ख्या समाजावर जुना डाग पुन्हा लागतो. उपसंपादकाचं काम हेच, ही दोन अक्षरं जपण्याचं.

'नॉन' आणि 'अन' यांतही असाच फरक आहे. हौशी नट 'नॉनप्रोफेशनल' असतो. त्याला 'अनप्रोफेशनल' लिहिलंस, तर तो बेशिस्त ठरतो आणि दुसऱ्या दिवशी संपादकांकडे तक्रार येते.

अभ्यासक्रमाचं म्हणशील, तर पदवीनंतर सोलापूर विद्यापीठातला जनसंज्ञापन विभाग किंवा पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, दोन्हीकडे चौकशी कर. घरची तेलुगू कमीपणाची मानू नकोस. तीन भाषांत वावरणारी मुलगी शब्दाचा सांधा लवकर ओळखते, हे मी खात्रीने सांगते.

एक दोनशेपानी वही कर. रोज इंग्रजी पेपरातला एकच अनोळखी शब्द घे, त्याचे तुकडे पाड, शेजारी त्याचा मराठी जोडीदार लिही. महिन्याने सेटलमेंटच्या इतिहासावर दीडशे शब्दांची इंग्रजी बातमी लिहून पाठव. लाल पेनाने तपासून परत देईन.