हार्डवेअर ट्रॅकर सारखा अडकतोय?

मित्रा, तुझा हार्डवेअर ट्रॅकर, म्हणजे वरून खाली जाणाऱ्या ओळींमध्ये सूर भरून गाणी रचायचं छोटं यंत्र, मध्येच हँग होऊन काम गेलं असं तू सांगितलंस, यात तुझं काही चुकलेलं नाही. अशा छोट्या यंत्रांचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बरेचदा कच्चंच बाजारात येतं. माझ्याकडच्या एकाने तर सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा) कापताना अख्खा पॅटर्न (रचलेला गाण्याचा भाग) पुसला होता, फार राग आला होता. दर थोड्या वेळाने नव्या नावाने सेव्ह कर, एसडी कार्डाची प्रत लॅपटॉपवर ठेव, आणि मंचावरचा कार्यक्रम जवळ आला असेल तर फर्मवेअर अपडेटला हात लावू नकोस.

यंत्र दुकानाला परत करता येत असेल तर करच, संगणकावरही काम भागतं. ट्रॅकर मुळात संगणकावरच वाढले, १९८७ मध्ये अमिगा या जुन्या संगणकावर. मिल्कीट्रॅकर हे ट्रॅकर सॉफ्टवेअर फुकट आहे. सनव्हॉक्स हे तसंच दुसरं, लॅपटॉपवर फुकट, फोनवर विकत. वरून खाली सरकणाऱ्या ओळी, हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळावर आधारलेले आकडे (८० म्हणजे १२८), सगळं तिथे हातात बसेल.

वेगळं यंत्रच हवं असेल तर टीन्सी ४.१ या छोट्या सर्किट बोर्डावर एम८ हेडलेस (एम८ ट्रॅकरची स्वतःचा पडदा नसलेली आवृत्ती) चालवून बघ. पडदा मात्र संगणकाचा किंवा फोनचा वापरावा लागतो. गेम बॉय या हातात धरायच्या जुन्या गेम यंत्रावरचं एलएसडीजे हे ट्रॅकर मला सगळ्यात प्रिय, चारच चॅनल (एका वेळी वाजणारे आवाज) असूनही. फक्त कार्ट्रिजमधली (गेम बॉयमध्ये खोचायच्या डबीतली) बॅटरी संपली की गाणी जातात, त्यामुळे सेव्ह फाइल वेळेवर काढून ठेव.